घसरावे, पण कुठे?

आमच्या मुक्ताईनगरचा बर्फाशी संबंध रसवंतीपुरता. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की बर्फाची लादी लाकडाच्या भुशात लोळवायची, गोणपाटात गुंडाळायची आणि सायकलच्या कॅरियरवर बांधून आणायची. कारखान्यातून लादी म्हणून निघालेली वस्तू रसवंतीपर्यंत पोचेतो वीट झालेली असायची. गावाचे नाव तेव्हा एदलाबाद होते. पुढे ते मुक्ताईनगर झाले, पण उन्हाने या बदलाची दखल घेतली नाही. तालुक्यातून वाहणारी तापी तर पुराणांच्या मते साक्षात सूर्याची लेक. माहेरचा स्वभाव तिने अजून सोडलेला नाही.

अशा गावातल्या माणसाला 'आल्प्समध्ये घसरायला कुठल्या गावी जावे?' असे कोणी विचारील, हे ज्योतिषानेही सांगितले नसते. पण आमचा पुतण्या नोकरीनिमित्त म्युनिकला असतो. पहिल्या हिवाळ्यात तो पायांना स्कीच्या पट्ट्या बांधून बर्फावर उभा राहायला शिकला, दुसऱ्या हिवाळ्यात न पडता खाली यायला शिकला आणि तिसऱ्या हिवाळ्यात त्याला या न पडण्याचा कंटाळा आला. त्याने फोनवर विचारले, "काका, पार्कात जाऊ का फ्रीराइडला जाऊ?" खरे म्हणजे हा प्रश्न त्याने आईला ऐकू जाईल अशा बेताने मला विचारला होता. परवानगी मिळवायची ही आमच्या घराण्यातली जुनी रीत आहे.

'पार्क' हा शब्द ऐकून वहिनींना बरे वाटले. पार्क म्हणजे झोपाळे, घसरगुंडी आणि बाहेर भेळेची गाडी. "पार्कातच जाऊ दे त्याला, भाऊजी," त्या म्हणाल्या. मग मी त्यांना समजावून सांगितले. बर्फातल्या पार्कात बर्फाचे मोठमोठे उंचवटे रचलेले असतात. त्यांवरून भरधाव जाऊन हवेत उडायचे, हवेत दोन-तीन गिरक्या घ्यायच्या आणि जमलेच तर पायांवर उतरायचे. शिवाय जिन्याच्या कठड्यासारखे लोखंडी दांडे रोवलेले असतात, त्यांवरून आडवे घसरत जायचे. फ्रीराइडमध्ये यातले काही नसते. तिथे नुसता डोंगर असतो. वाट नाही, खूण नाही, रखवालदार नाही. वरून खाली कसे यायचे ते तुमचे तुम्ही आणि डोंगराने बघायचे.

वहिनींनी देवापुढे उदबत्ती लावली. मी इतिहासाचा मास्तर. हयात शाळेत गेली. कुठे जावे असे कोणी विचारले की आधी इथवर आलो कसे, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तर स्की म्हणजे मुळात फोडलेले लाकूड. जुन्या नॉर्स भाषेत त्या शब्दाचा अर्थच तो. उत्तरेकडच्या देशांत बर्फ इतका पडतो की चालायचे म्हटले तर माणूस कमरेपर्यंत रुततो, म्हणून पायांखाली फळ्या. हा शौक नव्हता, ती वहाण होती. १८२५ साली जन्मलेल्या सोंद्रे नॉरहाइम नावाच्या नॉर्वेजियन माणसाने टाच फळीला धरून ठेवणारी बांधणी वापरात आणली, त्यामुळे उड्या मारता येऊ लागल्या आणि वळताही येऊ लागले. पुढे १८८८ साली फ्रित्यॉफ नान्सेनने याच फळ्यांवरून ग्रीनलंड ओलांडले आणि त्यावर पुस्तक लिहिले. ते वाचून आल्प्सच्या आसपासची बरीच शहाणी माणसे बिघडली.

त्यांतला एक इसम आपल्या चांगल्या ओळखीचा आहे, शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल. १८९३च्या डिसेंबरात त्याने होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात ढकलून दिले आणि पुढच्याच मार्चमध्ये डावोसच्या दोघा भावांना बरोबर घेऊन, स्कीवरून, स्वतः डोंगर ओलांडून आरोसाला गेला. बायकोच्या क्षयासाठी तो डावोसला राहत होता. वाटेतला एक उतार इतका उभा होता की शेवटी बसून घसरावे लागले. शिंप्याने हे कापड झिजणारच नाही अशी हमी दिली होती. ती हमी त्या उतारावर टिकली नाही, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

कॉनन डॉयलचे नाव निघाले की डॉक्टर वॉटसन आलाच. हा वॉटसन अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत जखमी झाला होता. वॉटसन काल्पनिक, पण मैवंद खरे. २७ जुलै १८८० रोजी तिथे इंग्रजांचा सपाटून पराभव झाला आणि त्या धुमश्चक्रीत मुंबई ग्रेनेडियर्ससारख्या आपल्या मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या. पराभवाचा वचपा काढायला जनरल रॉबर्ट्स काबूलहून तीन आठवड्यांत पायदळ घेऊन कंदाहारला पोचला आणि १ सप्टेंबरला लढाई जिंकला. हा रॉबर्ट्स जन्माने कानपूरचा. सरकारने त्याला 'लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार' केले.

आता हे सगळे बर्फात कसे शिरले? मद्रासला एका इंग्रज मिशनऱ्याच्या घरी १८८८ साली आर्नल्ड लन नावाचा मुलगा जन्मला. बाप पुढे मिशन सोडून सहलींच्या धंद्यात पडला आणि इंग्रजांना हिवाळ्यात आल्प्समध्ये नेऊ लागला. त्याआधी ती गावे उन्हाळ्याची. हिवाळ्यात तिथे कोण मरायला जाणार? सेंट मॉरिट्झच्या बाद्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने म्हणे १८६४ साली चार इंग्रज गिऱ्हाइकांशी पैज लावली, की हिवाळ्यात या, ऊन पडले नाही तर जाण्यायेण्याचा खर्च माझा. ते आले आणि ईस्टरपर्यंत हललेच नाहीत. उन्हाचे आमिष दाखवून गिऱ्हाईक खेचता येते, हे खानदेशात कोणाला पटणार नाही.

असो. १९११ साली मोंताना इथे उतारावरची एक शर्यत झाली. तिचा चषक लॉर्ड रॉबर्ट्सच्या नावाचा, म्हणून शर्यतही कंदाहारची. १९२२ साली म्यूरेन गावी आर्नल्ड लनने काठ्या रोवून त्यांच्यामधून वळणे घेत जाण्याची आजची स्लालम शर्यत घेतली आणि १९२४ साली तिथेच कंदाहार क्लब काढला. पुतण्याच्या म्युनिकजवळच्या गार्मिशला आजही कंदाहार नावाचा उतार आहे. म्हणजे जन्म मद्रासचा, सेनापती कानपूरचा, लढाई अफगाणिस्तानातली आणि घसरणे आल्प्समध्ये. आपल्याकडेही १९२७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी गुलमर्गला स्की क्लब काढला होता. हे कळल्यावर वहिनी म्हणाल्या, "मग गुलमर्गलाच का नाही जात मेला? निदान वरण-भात तरी मिळेल."

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. तोवरचे हे सगळे लोक आधी डोंगर चढत होते. १९११च्या त्या शर्यतीतल्या गड्यांना आदल्या दिवशी वर चढून झोपडीत मुक्काम करावा लागला, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी घसरता आले. दिवसभर चढायचे आणि घटकाभर उतरायचे. आमच्या गावाला याचे नवल नाही. मुक्ताबाईंची पालखी आषाढीला पंढरपुरापर्यंत जवळजवळ महिनाभर पायी चालते, आणि तिथे देव किती वेळ दिसतो ते वारकऱ्याला विचारा. चालणे हाच मोठा भाग असतो. जिथवर पाय नेतील तोच डोंगर आपला, आणि जो माणूस स्वतः चढला त्याला उतरताना कुठे खड्डा आहे, कुठे बर्फ पोकळ वाजतो, ते ठाऊक झालेले असे. तेव्हा गाव निवडायचा प्रश्नच नव्हता. पायच निवडत.

हा हिशेब मोडला तो यंत्राने. १९३४ साली डावोसला एर्न्स्ट कॉन्स्टाम नावाच्या इंजिनियरने फिरत्या दोराला आकडे लावून माणसांना उतारावर ओढत नेण्याची सोय केली. आणि दोनच वर्षांनी अमेरिकेत जे घडले, ते आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत शिकवले पाहिजे.

युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीला हिवाळ्यात प्रवासी हवे होते. तिच्या अध्यक्षाने, ॲव्हरेल हॅरिमनने, एका ऑस्ट्रियन सरदाराला 'आल्प्ससारखी जागा शोधून आण' म्हणून धाडले. तो भला माणूस डोंगरामागून डोंगर नापास करत हिंडला. अखेर आयडाहो राज्यातल्या केचम गावाजवळची जागा त्याने पास केली आणि तिथे सन व्हॅली वसली. आता गिऱ्हाइकांना वर न्यायचे कसे? कंपनीत जेम्स करन नावाचा इंजिनियर होता. त्याने पूर्वी उष्ण मुलखात जहाजात केळीचे घड चढवायचे यंत्र तयार करायच्या कामात भाग घेतलेला. फिरता दोर, दोराला आकडे, आकड्याला घड. करन म्हणाला, आकडे काढा, खुर्च्या लावा, घडाच्या जागी माणूस बसवा. वरिष्ठांना ही कल्पना धोक्याची वाटली, पण १९३६च्या डिसेंबरात जगातली पहिली खुर्चीची लिफ्ट तिथे सुरू झाली. आज आल्प्समधल्या ज्या गावात जाल तिथे माणसे घडासारखी लोंबकळत वर जाताना दिसतात, ती या हिशेबाने.

हे मी आमच्या शेजारच्या आप्पांना सांगितले. आप्पांची हयात केळीत गेली. सावदा-निंभोऱ्याहून केळीच्या वाघिणी भरून दिल्लीकडे जायच्या त्या काळापासून ते या धंद्यात आहेत आणि २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यांनी आळीत पेढे वाटले होते. ऐकून ते म्हणाले, "म्हनजे केळीनंच चढवलं ना भो त्यांना! आन् आपन आजवर समजत होतो, केळी मानसाले फक्त पाडते."

आप्पांचा विनोद मी पुतण्याला कळवला, पण खरा मुद्दा पुढचा होता. चढणे फुकट झाले की उतरणे स्वस्त होते. एका दिवसात वीस-वीस वेळा उतरता येऊ लागले. गर्दी वाढली, म्हणून उतार यंत्राने सपाट केले आणि त्यांना रंग दिले. निळा सोपा, तांबडा मध्यम, काळा कठीण. फ्रान्समध्ये त्याहून सोपा हिरवाही आहे. सगळे कसे जिल्हा परिषदेच्या रस्त्यासारखे (म्हणजे कागदावरच्या) गुळगुळीत झाले. मग माणसाला कंटाळा आला. सोय झाली की अडचण शोधायची, हा मनुष्यस्वभावच आहे.

अडचण दोन ठिकाणी सापडली. काहींनी ती स्वतः बांधली, ते पार्क. १९७६-७७च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातले पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि पोरे त्यांत चाकांच्या फळ्या घेऊन शिरली. तलावाची ती गोल भिंत पुढे बर्फात आली आणि तिला हाफपाइप म्हणू लागले. १९९८च्या सुमारास दोन्ही टोके वर वळलेल्या स्की निघाल्या, त्यामुळे उलटे उतरायचीही सोय झाली. २०१४ साली सोचीला हा सगळा प्रकार ऑलिम्पिकमध्ये पोचला. आता आल्प्समध्ये पार्कासाठी नावाजलेली गावे म्हणजे स्वित्झर्लंडचे लाक्स, जिथला हाफपाइप दोनशे मीटर लांब आणि सुमारे सात मीटर उंच आहे, ऑस्ट्रियाचे मायरहोफेन, फ्रान्सचे आव्होरियाझ, जिथे मोटारींना बंदी आणि घोड्यांच्या घसरगाड्या, आणि २०२६च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या या प्रकारांसाठी निवडले गेलेले इटलीचे लिव्हिन्यो. पार्क निवडताना पुस्तिकेत डोंगराची उंची बघू नये. लहान, मध्यम आणि मोठ्या उड्या वेगवेगळ्या रांगांत आहेत का, आणि रोज त्यांची डागडुजी करणारी माणसे किती, एवढेच बघावे. उडी सगळ्यांना दिसते. उतरायची जागा कोणी तरी फावड्याने नीट केलेली असावी लागते.

दुसऱ्यांनी अडचण बांधली नाही, लिफ्टमधून उतरून खुणेच्या दोरीपलीकडे जाऊन ती गाठली. ते फ्रीराइडवाले. शामोनीला १९५५ सालापासून पाळणा तुम्हाला ३८४२ मीटरवर नेऊन सोडतो आणि तिथून हिमनदीवरून वीसएक किलोमीटर खाली यायचे. ला ग्राव्ह गावात एकच जुना पाळणा, १४५० मीटरवरून ३२०० मीटरवर नेणारा, आणि खाली यायला तयार केलेले उतार जवळजवळ नाहीतच. एंगेलबर्गचे तुम्हाला नवल वाटेल. टिटलिसवर फिरत्या पाळण्यातून आपल्याकडची मंडळी जातात, फोटो काढतात, चहा पितात, तेच हे गाव. टिटलिसवर तुम्ही चिवड्याची पुडी फोडत असता तेव्हा समोरच्या लाउबच्या हजार मीटर उभ्या उतारावरून कोणी तरी आपला जीव सांभाळत खाली येत असतो.

आणि व्हर्बिए. तिथे बेक दे रोस नावाच्या सुळक्यावर १९९६ सालापासून स्पर्धा होते. जगातले उत्तम गडी आधी समोरून दुर्बिणीने आपली वाट ठरवतात. तो उतार आधी करून बघायची मुभा नाही. आणि माथ्यापर्यंत ते पायी चढतात! म्हणजे केळीच्या यंत्राने नव्वद वर्षे मेहनत करून माणसाला वर नेले, आणि सगळ्यात हुशार माणसे शेवटचा टप्पा पुन्हा १९११ सालासारखा चालत गेली.

पुतण्याला मी हे त्याच्या भाषेत सांगू शकत नव्हतो, आमच्या भाषेत सांगितले. आम्ही पोहायला विहिरीत शिकलो. पाठीला पत्र्याचा डबा, काठावर थोरला भाऊ, कुठून उडी मारायची तो दगड ठरलेला. आमच्या वर्गातला एक मुलगा त्या दगडावरून उलटी कोलांटी मारायचा. त्याच्यासारखी उडी तालुक्यात कोणाची नव्हती. एका पावसाळ्यात पूर ओसरताना तो तापीत उतरला. पाणी वरून शांत दिसत होते. तिसऱ्या दिवशी तो खाली बऱ्याच अंतरावर सापडला. त्याला पोहता येत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याला विहीर येत होती. नदी येत नव्हती.

पार्क ही विहीर आहे आणि फ्रीराइड ही तापी. विहिरीत पडलात तर चूक तुमची असते. तापीत तुमचे काही न चुकताही पाणी हलते. बर्फाचा कडा सुटतो तेव्हा बळी जाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या भाराने सुटलेला असतो. युरोपात १९९३ सालापासून या धोक्याला एक ते पाच आकडे देतात. लोक चार आणि पाचला घाबरून घरी बसतात; निम्म्याच्या आसपास माणसे तीनच्या दिवशी जातात. तीन म्हणजे परीक्षेतले पस्तीस नव्हेत. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर निघाला, म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे यंत्र आणि पाठीवर शोधकाठी व फावडे असावे लागते, आणि सोबतीला ते वापरता येणारा माणूस. ऑस्ट्रियाच्या मॅथियास झ्डार्स्कीने १८९६ साली स्की शिकवण्याचे पुस्तक लिहिले. आल्प्सने त्याला गुरू मानले. तोच १९१६ साली हिमलोटाखाली सापडला आणि अंगातली ऐंशी हाडे मोडून वा निखळून बाहेर आला. गुरूची ही गत, तर आमच्या पुतण्याचा तिसराच हिवाळा.

म्हणून मी कळवले ते असे. यंदा पार्क. लाक्स किंवा मायरहोफेन, आणि लहान उड्यांच्या रांगेपासून सुरुवात. फ्रीराइड करायचेच तर पुढच्या वर्षी, आधी हिमलोटाचे शिक्षण घेऊन, एंगेलबर्गला, तिथल्या वाटाड्याबरोबर, आणि सकाळी आकडा बघून. व्हर्बिए आणि ला ग्राव्ह खालून बघावे. तिथल्या खानावळीही चांगल्या असतील. आणि उशीर मात्र फार करू नये. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांतला सुमारे एक दशांश बर्फ गेला. टिटलिसवर उन्हाळ्यात बर्फावर पांढरी कापडे पांघरतात. आमच्याकडे केळीच्या घडाला ऊन लागू नये म्हणून पिशव्या घालतात, तसेच ते. लादीची वीट होणे आता त्यांच्याही नशिबी आले आहे.

वहिनींना निम्मे पटले. "यंदाचं ठीक. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू," म्हणाल्या. पुतण्यालाही निम्मे पटले. वाटाड्याचे दर बघून तो जरा गंभीर झाला, आणि ते चांगलेच झाले.

आप्पांनी मात्र सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मास्तर, खाली आल्यावर ते लोकं काय करता?"

म्हटले, "पुन्हा वर जातात."

"कशाले?"

"पुन्हा खाली यायला."

आप्पांनी तंबाखू मळता मळता मान डोलावली. "त्याच्यात काय नवीन आहे भो? आमच्या केळीचा भाव वर्षानुवर्षं तेच करतो. फक्त उतरताना आमच्यासंगं कोनी वाटाड्या नसतो."